आधी काय?

गेल्या रविवारी पहाटे रायपुरातल्या बुढा तालाबाच्या काठाने फिरत असता, नव्या फरसबंदीवर, रोषणाईच्या खांबाखाली, बाभळीची दातवणे मांडून बसलेली एक वृद्धा दिसली. तिच्या पाठीशीच तलावाची पायरी होती. पण चूळ भरायची वेळ आली तेव्हा तिने घरून आणलेली प्लास्टिकची बाटली उघडली, कारण पायरीशी लागलेल्या पाण्यावर हिरवी साय धरली होती.

तलावांचे शहर म्हणून ज्याची ख्याती, राजबंधा तलाव बुजवून ज्याने त्याचे मैदान केले, त्या रायपुराने उरलेल्या तलावांच्या जीर्णोद्धाराची तजवीज करताना खांब आधी आणि पाणी मागाहून असा क्रम लावावा, याचे मला मनापासून दुःख होते. अग्रक्रमाचा तक्ता करणारा अंमलदार नकळत हेही ठरवीत असतो की, कोणाच्या गरजेने अजून थांबावे. आणि थांबणारा बहुधा तोच असतो, ज्याला त्या तक्त्याची खबरही नसते.

खेड्यांच्या बाबतीत याच छत्तीसगढ राज्याने एक फार शहाणा क्रम लावून पाहिला होता: नरवा, गरुवा, घुरवा, बारी. ओहोळात पाणी टिकले तर चारा, चाऱ्यावर गुरे, गुरांच्या शेणाचे उकिरड्यात खत आणि त्या खतावर परसातला भाजीपाला, अशी ही साखळी कोणाही छत्तीसगढी शेतकऱ्याला मुखोद्गत असते. २० जुलै २०२० रोजी, हरेलीच्या सणाला, दोन रुपये किलो दराने शेणखरेदी सुरू झाली. पुढे लक्ष ओहोळावरून शेणाच्या हिशेबावर सरकले, आणि २०२३ च्या अखेरीस सत्तांतर होताच अनेक गौठाने, म्हणजे गावातली गुरांची थांबायची ठिकाणे, ओस पडली. क्रम गावाचा होता, पण मंजुरी राजधानीच्या दप्तरातली होती. म्हणून दप्तर मिटले तसे कामही मिटले, असे माझे स्पष्ट मत आहे. याउलट इंग्लंडने १९९८ पासून ३९ दरिद्री वस्त्यांच्या पुनरुत्थानासाठी सुमारे दहा वर्षांची मुदत दिली आणि कारभारी मंडळांत रहिवाशांना बसवले. तिथेही सारे साधले असे नाही. पण एवढी मुदत आणि मंडळातली ती जागा आपल्या गौठानांना मिळाली असती, तर आज तिथे गुरे असती.

आपल्या रायपुरातल्या मराठी मंडळींना गरजेचा क्रम आधी ओळखण्याचा हा विचार परका नसावा. ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकाचे प्रकाशक वामनराव लाखे यांनी १९१३ साली रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला, तो रयतेची पहिली नड कर्जाची आहे हे ओळखून. त्यांच्याच नावाच्या लाखेनगरातून आपण रोज जातो.

तेव्हा वाचकहो, आपल्या वॉर्डाचा नगरसेवक यापुढे नव्या कामाचा नारळ फोडायला येईल, तेव्हा त्याला आदराने एवढेच विचारा की, तलावात येणारी सांडपाण्याची नाली केव्हा अडवणार. आणि विचारण्यापूर्वी त्या दातवणवाल्या बाईंनाही सोबत बोलवा.