विद्यादान आणि सत्यनिष्ठा

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डोव्हर नावाचे एक लहान गाव आहे. तेथील शाळामंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये असा ठराव केला की, जीवशास्त्राच्या वर्गात डार्विनच्या उत्क्रांतिवादातील उणिवा सांगाव्यात, आणि जीवसृष्टी कोणा बुद्धिमान कर्त्याने योजून घडविली या मताचाही निर्देश करावा. विज्ञानशिक्षकांनी तसे निवेदन वाचण्याचे नाकारले. तेव्हा अधिकाऱ्यांनी वर्गात येऊन ते वाचले. अकरा पालकांनी न्यायालयात दाद मागितली. २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी निर्णय दिला की, हे मत विज्ञान नव्हे, धर्ममताचेच रूपांतर होय. सरकारी शाळेच्या विज्ञानवर्गात त्यास स्थान नाही.

हा ईश्वराचा पराभव झाला काय? मुळीच नाही. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर हे स्वतः श्रद्धावान कॅथलिक होते. पराभव झाला तो असत्याचा. शाळेने सुचविलेल्या ग्रंथाच्या जुन्या मसुद्यांत सृष्टिवादाचे उघड नाव होते. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा प्रतिकूल निर्णय होताच तेथे नवे नाव घालण्यात आले. त्या ग्रंथाच्या प्रतींसाठी चर्चमध्ये द्रव्य जमविले गेले होते, तेही शपथेवर लपविण्यात आले. ज्याचे रक्षण करावयाचे त्याच्याच नावाने असत्य बोलले गेले!

गीतेच्या सोळाव्या अध्यायात भगवंतांनी दैवी संपत्तीत सत्य आणि सरळपणा यांची गणना केली आहे. नवव्या अध्यायात ते सांगतात की, त्यांच्या अध्यक्षतेखाली प्रकृतीच चराचरास जन्म देते. त्या प्रकृतीच्या कार्याचा क्रम निरीक्षणाने व प्रयोगाने शोधणे हे विज्ञानाचे काम; तिच्या अध्यक्षाची ओळख पटणे हे भक्तीचे व साधनेचे फळ. विज्ञानाला जे अद्याप उलगडले नाही तेवढ्यातच जो ईश्वराला बसवितो, त्याचा ईश्वर प्रत्येक नव्या शोधाबरोबर लहान होत जातो. सर्वव्यापी परमात्म्यास अशा आडोशाची गरज काय?

म्हणून गृहस्थाने सावध असावे. उत्क्रांतीचा पाठ शिकून आलेले मूल घरी विचारील, "मग देव कोठे आहे?" त्या वेळी शिक्षकाला खोटे पाडू नये, देवालाही पाठ्यपुस्तकाच्या फटीत शोधू नये. मुलाला त्याचा पाठ नीट शिकू द्यावा आणि सायंकाळी देवापुढे दिवा लावताना त्याला जवळ बसवावे. वडिलांच्या वाणीत असत्य नाही, हे ज्या मुलाने पाहिले, त्याची श्रद्धा कोणत्याही शास्त्राने ढळत नाही.