पाय पुढे करताना

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी मिस्सेत पाय धुण्याचा विधी असतो. सावंतवाडीच्या कॅथेड्रलपासून किनाऱ्यावरच्या लहानशा चर्चपर्यंत तो सगळीकडे सारखाच. धर्मगुरू झगा उतरवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि गुडघ्यांवर येऊन समोर बसलेल्या भाविकांचे पाय धुतात. प्रवचन होतं ते धर्मगुरूंच्या वाकण्यावर. येशू गुरू असून वाकला, आपणही वाकायला शिकावं, हा त्याचा सारांश. तो खराच आहे. पण खुर्चीवर बसलेल्यांकडे सहसा कुणी पाहत नाही.

त्यांची अवस्था बघण्यासारखी असते. लाल चिऱ्याच्या वाटांवर आणि खाऱ्या पाण्यात वावरलेले ते पाय. टाचांना भेगा, नखांत माती. नाव पुकारलं जाणार हे आधी कळलेलं असतं, म्हणून घरून निघताना माणूस न्हाणीघरात दगडाने टाचा घासतो, साबण लावतो, नखं काढतो. चर्चमध्ये येतो तो स्वच्छ पाय घेऊन. फादरांना आपले मळके पाय दिसू नयेत, एवढीच इच्छा. त्यात आदर आहे, संकोच आहे, आणि थोडा अभिमानही आहे. मदत घ्यायची, पण गरज आहे असं दिसू द्यायचं नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात हाच संकोच पेत्राला होतो. गुरू आपल्या पायांशी बसलेला त्याला बघवत नाही. तो सरळ नकार देतो. ऐकायला हा नकार फार नम्र वाटतो. पण येशू त्याला नम्रता म्हणत नाही. धुऊ दिलं नाहीस तर माझ्याशी तुझं नातं उरणार नाही, अशा अर्थाचं तो बजावतो. मग पेत्र एकदम दुसऱ्या टोकाला जातो: नुसते पायच का, हात आणि डोकंही धू! तेही येशू मान्य करत नाही. आधी पेत्राला काहीच नको होतं, मग सगळंच हवं झालं. दोन्ही वेळा किती घ्यायचं ते ठरवणार पेत्रच. देव जेवढं देतो तेवढं, तो देतो तेव्हा, गप्प बसून घेणं ही तिसरी गोष्ट. पेत्राला ती जड गेली, आपल्यालाही जाते.

आपल्याकडे तर जास्तच. कोकणी माणूस स्वतःविषयी फार काही सांगत नाही, पण एक गोष्ट हमखास सांगतो: "कोणाचो एक पैसो ठेवूक नाय." मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर ज्या घरांची वर्षं गेली, त्या घरांतसुद्धा हे वाक्य ताठ मानेने उच्चारलं जातं. त्यामागे कष्ट आहेत, उपाशी पोटी राखलेली इभ्रत आहे. त्याची थट्टा करू नये. मात्र हेच वाक्य घेऊन आपण देवापुढे उभे राहतो, तेव्हा अडचण होते. रोज सकाळी 'आमच्या बापा'ची प्रार्थना म्हणताना आपण आजच्या दिवसाची भाकर मागतो. ती प्रार्थना मागणाऱ्यांची आहे. तोंडाने भाकर मागायची आणि मनात 'मी कुणाचं खाल्लं नाही' असं घोळवायचं, हे एकत्र नांदत नाही.

तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर रापण ओढतात. होडीतून जाळं समुद्रात लांबवर सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून ओढत आणायचे. एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे. मासळी वाळूवर आली की वाटे पडतात आणि दोराला हात लावलेला माणूस मान वर करून आपला वाटा उचलतो. तो त्याचा हक्क असतो. देवाच्या कृपेकडेही आपण नकळत असंच बघतो. इतकी वर्षं रविवार चुकवला नाही, उपवास पाळले, चर्चच्या फेस्ताला राबलो, तेव्हा आमचा वाटा कुठे आहे? पण कृपेला वाटा नसतो. जाळं, होडी, मासळी आणि ओढणारे हात, सगळंच आधी मिळालेलं. मंदिरात पुढे उभा राहून आपल्या उपवासांचा हिशोब देणारा परुशी आणि मागे उभा राहून फक्त दया मागणारा जकातदार, ही येशूची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. परुशी खोटं बोलत नव्हता. त्याने उपवास खरोखरच केले होते. त्याला देवाकडून काही घ्यायचंच नव्हतं, म्हणून तो रिकाम्या हातांनी घरी गेला.

घेण्यातली नम्रता ज्याने जन्मभर आचरली असा एक संत आपल्या शेजारचाच आहे. जुझे वाझ यांचा जन्म 1651 मध्ये गोव्यातल्या बाणावली गावी झाला. डच राजवटीने श्रीलंकेत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. 1687 मध्ये फादर वाझ वेष बदलून तिथे उतरले. पोहोचले तेच अतिसाराने खंगून. जाफन्यात कॅथलिक कोण हे उघड विचारायची सोय नव्हती. म्हणून ते गळ्यात मोठी जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरले. माळ बघून ज्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटेल, तो आपला. उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या, पोर्तुगीज आणि लॅटिन शिकलेल्या या माणसाने आपल्या सेवाकार्याची सुरुवात हात पसरून केली. शिकवायला गेलेला माणूस आधी याचक झाला. पुढे 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळू लागले, तेव्हा याच हातांनी त्या रोग्यांची शुश्रूषा केली. ज्याने दारात उभं राहून घेतलं होतं, त्याला देताना वरचढ होता आलं नाही. 1711 मध्ये कँडीतच त्यांचं निधन झालं आणि 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

दुसरं उदाहरण मराठी घरातलंच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्माने रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसाराची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, तरी सुरुवातीला त्यांचं सोवळं, स्वयंपाक आणि पाणी वेगळंच होतं. ते हळूहळू कसं गळून पडलं, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये स्वतःला जराही न सोडता, हसत हसत सांगितलं आहे. 1900 मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्याआधी मनातला मोठा उंबरठा ओलांडून झाला होता: कुणाच्याही हातचं पाणी घ्यायचं. परक्याला पाणी देणं त्या मानाने सोपं, कारण देताना भांडं आपलं आणि उंचीही आपलीच. त्याच्या हातचं पिताना ती उंची सोडावी लागते.

यावर एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. ज्यांना आयुष्यभर वाकायलाच लावलं, त्यांना पुन्हा नम्रता काय शिकवायची? घरात सर्वांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला अजून किती वाकायला सांगायचं? तिला ते सांगूच नये. तिच्यासाठी नम्रतेचा अर्थ खुर्चीवर बसणं हाच आहे. पवित्र गुरुवारी ज्यांचे पाय धुतले जात, ते नियमाने पुरुषच असत. 2013 मध्ये रोमच्या एका बाल सुधारगृहात पोप फ्रान्सिस यांनी मुलींचेही पाय धुतले. त्यांत एक मुलगी मुसलमान होती. जानेवारी 2016 मध्ये नियमच बदलला आणि विधीची दारं स्त्रियांनाही उघडली. राबून दमलेल्या आईला कुणी म्हणालं, "तू बस, आज मी वाढतो," तर ती आधी नकोच म्हणते. तिने बसावं. घरातल्यांनीही, ती नको म्हणाली एवढ्यावर सुटका करून घेऊ नये.

मग रोजच्या जगण्यात हे साधायचं कसं? आपल्याच एका चालीपासून सुरुवात करता येईल. नाताळात आपल्या घरून शेजारी नेवऱ्या आणि दोदोल जातो, दिवाळीत त्यांच्याकडून फराळ येतो. आलेलं भांडं रिकामं परत पाठवू नये, हा आपला जुना रिवाज. रिवाज गोड आहे, पण त्यात हिशोब शिरायला वेळ लागत नाही. भांडं घासून, घाईघाईने काहीतरी भरून, त्याच संध्याकाळी परत केलं की आपण मोकळे. आज कुणी काही दिलं तर लगेच फेड करू नका. चार दिवस ऋणात राहा. बसमध्ये एखाद्या पोराने जागा दिली तर "मी अजून म्हातारा झालो नाही" म्हणू नका, बसा. सुनेने औषधाची गोळी आणि पाणी हातात आणून दिलं तर "मी घेतलं असतं" हे शब्द गिळा. कुणी चूक दाखवली तर तीही देणगीच समजून घ्या. आणि प्रार्थनेला बसाल तेव्हा आपण देवासाठी काय केलं याची यादी बाजूला ठेवा. काल काय काय मिळालं, कुणाच्या हातून मिळालं, त्यांची नावं एकेक करून घ्या. यादी मोठी होईल.

प्रभू, आम्हाला द्यायला आवडतं, कारण देताना आम्ही उभे असतो. आज आम्हाला बसायला शिकव. आमची गरज तुला ठाऊक आहे. ती शेजाऱ्यालाही दिसू दे. तू ज्याच्या हाती आमची भाकर पाठवशील त्याचा हात आम्ही ओळखावा, आणि ती घेताना आमची जीभ 'नको' म्हणण्याआधी 'देव बरें करूं' म्हणो. आमेन.