यंत्राने वाचले म्हणून खरे मानावे काय?



तुमचा शाळकरी मुलगा मोबाईलला प्रश्न विचारतो आणि आलेले उत्तर वहीत उतरवून घेतो. ते उत्तर कोठून आले, हे आपण कधी विचारले आहे काय?

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली 'नेल' नावाची संगणकप्रणाली सुरू केली. तिला थोडी उदाहरणे दिली आणि रात्रंदिवस इंटरनेटवरचा मजकूर वाचायला बसविले. शब्दाभोवतीची वाक्ये पाहून अमुक हे शहर, अमुक ही नदी असे ती ठरवी. तीच गोष्ट पुनःपुन्हा आढळली की तिचा विश्वास वाढे. या नेलने संगणकातील 'कुकी' नावाच्या नोंदीला खाण्याचे बिस्किट मानले. मग त्याच आधारावर संगणकाच्या फायलीही भट्टीत भाजलेल्या ठरल्या! हसू येते खरे. पण शूद्रातिशूद्रांविषयीचे एक असत्य धरून त्यावर दुसरे रचण्याचे काम या देशात यंत्रावाचूनच चालले होते.

पुण्याच्या 'एलथ्रीक्यूब' गटाने २०२२ साली यंत्रांना मराठी शिकविण्यासाठी 'महाकॉर्पस' हा संग्रह प्रसिद्ध केला. सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये, त्यांतील बहुतेक बातम्यांतली. काम मोलाचे आहे. परंतु देवळी-सेलूच्या खेड्यात रोज वंदना घेणारे घर बातमीत येते कधी?

याहून जिव्हारी लागणारे उदाहरण आहे. वर्धा जिल्हा मध्यप्रांतात असताना, १९१६ साली, रसेल व हिरालाल यांचा जातीजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात महारांवर प्रकरण आहे, उत्पत्तीच्या ऐकीव कथांसह. तो आज इंटरनेटवर फुकट मिळतो. दहा जणांनी त्यातला उतारा उचलला, तर नुसते मोजणाऱ्याला दहा साक्षीदार दिसतात. वास्तविक साक्षीदार एकच, आणि तोही ऐकीव! उलट बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' ग्रंथात पुरावे मांडून अस्पृश्यतेचा उगम शोधला, आणि तरीही आपला सिद्धांत अंतिम असल्याचा दावा केला नाही.

केसपुत्तच्या कालामांनी तथागतांपुढे हीच अडचण मांडली होती: जो तो येऊन आपलेच खरे म्हणतो, मानावे कोणाचे? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतात, एवढ्यावरून मानू नका, असे तथागतांनी सांगितले. लोभ, द्वेष, मोह यांतून जे उपजते त्याने कोणाचे अहित होते, ते स्वतः जाणून मग स्वीकारा अथवा टाका. उतारा कोणी कोणाचा उचलला, हे तपासायला यंत्राला कदाचित शिकविता येईल. अहित कशाने होते, हे मात्र ज्याला भोगावे लागते त्यालाच जाणावे लागणार.

म्हणून मुलाला मोबाईलवर रागावू नका. हे कोणी लिहिले, केव्हा लिहिले, त्याला कसे कळले, एवढे त्याला विचारत जा. आणि ऑक्टोबर १९५६ मध्ये दीक्षेसाठी नागपूरला गेलेले कोणी घरात किंवा वस्तीत असतील, तर ते आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्याजवळ बसून गाव, वाट, सोबतची माणसे विचारून घ्या व लिहून ठेवा. दोघांच्या सांगण्यात फरक पडला, तर दोघांचेही लिहा.