कांद्याचा भाव आणि न्यायाचे माप



रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात आपण एकमेकांना दोन गोष्टी विचारतो : घरची खुशाली आणि कांद्याचा भाव. ओतूर, आळेफाटा किंवा मंचरच्या बाजारात दहा किलोला काय निघाले, यावर आपल्या कितीतरी घरांतली मुलांची फी, लग्ने आणि औषधपाणी अवलंबून असते. म्हणून हा प्रश्न बाजाराचा असला तरी तो न्यायाचाही आहे.

अलीकडचे दिवस आठवू या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. डिसेंबरात निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क या अटींवर. शुल्क पूर्णपणे गेले ते १ एप्रिल २०२५ पासून. बंदी आली तेव्हा लाल कांदा बाजारात येत होता. गावरान कांदा बराखीत काही महिने राहतो. लाल कांदा थांबत नाही. मिळेल त्या भावाला तो विकावाच लागतो.

सरकारची बाजूही आपण ऐकली पाहिजे. शहरातल्या झोपडपट्टीतील आईलाही कांदा परवडला पाहिजे. तीही आपली बहीणच. पण मग बांगलादेशातील आणि श्रीलंकेतील गरिबांच्या चुलीचे काय? तिथेही आपलाच कांदा जातो. गरिबाला स्वस्त अन्न मिळावे हे योग्यच. प्रश्न इतकाच की, त्या स्वस्ताईचा सगळा भार पिकवणाऱ्याच्याच पाठीवर का?

१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात मजुरीविषयी एक मूलभूत गोष्ट सांगितली. मजूर ‘हो’ म्हणाला, एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही. पोटासाठी दिलेला होकार खऱ्या अर्थाने मोकळा नसतो. १९६७ मध्ये पोप सहावे पॉल यांनी ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’मध्ये हेच माप देशादेशांतील व्यापाराला लावले. एक देश यंत्रे विकतो, दुसरा कच्चा शेतमाल. एक आपल्या शेतकऱ्याला भरघोस अनुदान देऊ शकतो, दुसऱ्याला ते झेपत नाही. अशा दोघांत झालेला करार कागदावर बरोबरीचा दिसला, तरी तो न्यायाचा असेलच असे नाही. जागतिक व्यापार संघटनेत २००१ साली दोहा येथे सुरू झालेल्या वाटाघाटी रखडल्या, त्यात शेतीच्या अनुदानांचा वाद मोठा होता.

थोडक्यात, ज्याला थांबता येत नाही, त्याच्याशी केलेला सौदा जपून तपासावा लागतो.

आता हेच माप आपण स्वतःला लावून पाहू. नारायणगावात सकाळी मजूर कामाच्या आशेने उभे असतात. त्यांत पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून आलेली माणसेही असतात. डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, डोंगरातल्या लोकांच्या जमिनी गेल्या आणि पाणी खालच्या शेतांना मिळाले. त्याच शेतांत खुरपणीला आणि कांदा काढणीला आता डोंगरातली माणसे येतात. त्यांनाही थांबता येत नाही. आजचा रोज बुडाला की आजची चूल अडते.

तुम्ही म्हणाल, “फादर, आम्हालाच भाव नाही, तर मजुराला कुठून देऊ?” हे गाऱ्हाणे खोटे नाही. पडत्या वर्षी तोटा वाटून घ्यावाच लागतो. परंतु आपल्यावर आलेला सगळा तोटा खालच्या माणसावर ढकलणे, म्हणजे ज्याबद्दल आपण दिल्लीला दोष देतो तेच आपल्या बांधावर करणे होय.

प्रभू येशूच्या दृष्टांतातील द्राक्षमळ्याच्या धन्याने शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी दिली. जुन्नरच्या द्राक्षबागांत राबणाऱ्यांना तो दृष्टांत वेगळा समजावून सांगायला नको. त्या धन्याने घड्याळाबरोबर मजुराची चूलही पाहिली.

म्हणून निर्यातीचे धोरण स्थिर असावे, ही मागणी आपण निर्धाराने करू; ती न्याय्य आहे. त्याचबरोबर रोजच्या रोज मजुरी चुकती करू, सारख्या कामाला बाईला पुरुषाइतकाच रोज देऊ आणि हिशेब मजुरासमोर मांडू. ज्याला थांबता येत नाही त्याला थांबण्याचे बळ मिळणे, यालाच आम्ही विकास म्हणतो. त्याची सुरुवात आपल्या शेतातून करता येईल.

प्रभू आपल्या कष्टांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू