बेथलेहेमचे पाणी आणि आपल्या घरची वीज

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या शब्बाथ शाळेत दावीद राजाच्या तीन वीरांचा पाठ होता (२ शमुवेल २३). गोष्ट वाचकांच्या परिचयाची आहे. दावीद गडात होता, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे बसले होते, आणि गावच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावे अशी इच्छा राजाच्या तोंडून निघून गेली. तिघे वीर शत्रूची फळी फोडून गेले व पाणी घेऊन आले. पण दावीद ते प्याला नाही. ज्यांनी त्यासाठी जीव पणाला लावला त्यांचे रक्त पिण्यासारखेच ते होईल असे त्याला वाटले, आणि त्याने ते परमेश्वरापुढे ओतून टाकले.

बाईंनी पाठ चांगला शिकविला. शेवटी एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाने विचारले, "बाई, मग त्या तिघांना वाईट नाही वाटलं? एवढं आणलं, आणि ह्यानं ओतून टाकलं!" बाईंना उत्तर सुचले नाही. तसे त्यांनी वर्गात सरळ सांगितले आणि प्रश्न आमच्याकडे आणला. आम्हालाही सुचले नाही. एरवी तो तसाच राहिला असता. परंतु त्याच दिवशी संध्याकाळच्या उपासनेत, उपदेश ऐन रंगात आलेला असताना, वीज गेली. मेणबत्त्या शोधण्यात पाच मिनिटे गेली, पंखे बंद पडल्याने लहान मुले रडू लागली, आणि उपासना कशीबशी आटोपून आम्ही सारे अंगणात येऊन वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडू लागलो. आमच्या मंडळीतील एक वयस्क शेतकरी एका बाजूला उभे होते. सीमाभागातील एका खेड्यात त्यांची चार एकर जमीन आहे. ते कधी फार बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "आमच्या रानातनंच जाते की ती तार."

त्यांच्या शेतात ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीचा एक मनोरा उभा आहे. आम्ही सहज विचारले, "पैसे मिळाले ना?" ते म्हणाले, "मिळाले की. पण विचारलं कुणी नाही."

सकाळचा तो प्रश्न आणि संध्याकाळचे हे उत्तर, ही दोन्ही तेव्हापासून आमच्या मनात आहेत. त्यांच्याविषयी आज वाचकांशी बोलावे असे वाटते.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. वीज ही वाईट वस्तू आहे असे आम्हांला म्हणायचे नाही. ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अडलेले बाळंतपण पाहिले आहे, ज्यांच्या आईचे डोळे चुलीच्या धुराने व रॉकेलच्या चिमणीने गेले आहेत, ते असे म्हणणार नाहीत. आमच्या मिशन इस्पितळांत अशी माणसे पुष्कळ झाली. विजेच्या दिव्याबद्दल देवाचे आभार मानावेत हे योग्यच आहे. प्रश्न आहे तो देवाचे आभार मानून झाल्यावर आणखी कोणाचे मानावयाचे राहतात की काय, हा.

कोयनेचे उदाहरण घेऊ. कोयना ही पूर्वेकडे वाहणारी नदी. तिचे पाणी कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरास जावयाचे. साठ-सत्तर वर्षांपूर्वी इंजिनियरांनी तिला अडवून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेकडे वळविले. तेथे ते सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते, पोफळी येथे डोंगराच्या आत कोरलेल्या वीजगृहातील चाके फिरविते, आणि पुढे वाशिष्ठी नदीतून अरबी समुद्रास मिळते. आज सर्व टप्पे मिळून कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅट आहे. कोळशाची भट्टी तापण्यास कित्येक तास लागतात. पाण्याची चाके मात्र काही मिनिटांत पूर्ण वेगाने फिरू लागतात. म्हणून घरोघर एकाच वेळी दिवे लागतात अशा संध्याकाळी कोयनेला हाक मारली जाते. माणसाच्या बुद्धीचे हे काम पाहून स्तोत्रकर्त्यानेही नवल केले असते.

आता दुसरी बाजू. शिवाजीसागर जलाशयासाठी शंभराच्या आसपास गावे उठविण्यात आली. तेथील माणसे रत्नागिरी, सांगली, सोलापूर, ठाणे, कुलाबा अशा दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकविणाऱ्यांना सोलापूरच्या काळ्या रानात नेऊन सोडणे म्हणजे काय, हे शेती करणाऱ्यांना सांगावयास नको. धरण १९६० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत झाले; प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा १९७६ चा. म्हणजे देणे आधी झाले आणि देणेकऱ्याला ते मान्य करावयास बारा-तेरा वर्षे लागली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मेली. जलाशयातील पाण्याचा भार व खडकात झिरपणारे पाणी यांचा त्या भूकंपाशी संबंध असल्याचे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आणि २०१८ साली, उठवून लावलेल्यांची मुले आणि नातवंडे जमिनीच्या हक्कासाठी कोयनानगर येथे धरणे धरून बसली होती. एवढ्या वर्षांत त्या पाण्याने किती दिवे लावले असतील!

कोयना ही काही पहिली नव्हे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांनी मुळशीला धरण बांधावयास घेतले, तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी त्याच लढ्यात मिळाली. जमीन घेतली गेली ती १८९४ च्या कायद्याने. आणि त्या कायद्यात शेतकऱ्याला हरकत नोंदविता येई, पण नाही म्हणता येत नसे. ही ओळ लिहिताना आम्हांला नाबोथ आठवतो.

नाबोथाची गोष्ट (१ राजे २१) आपण मुलांना सांगताना अहाबाला एकदम राक्षस करून टाकतो. शास्त्रभाग सावकाश वाचावा. अहाबाने आरंभी काही वाईट केले नाही. त्याने नाबोथाला विचारले. त्याहून चांगला द्राक्षमळा देतो म्हणाला, नको असेल तर रोख मोल देतो म्हणाला. आजच्या भाषेत जमिनीच्या बदल्यात जमीन किंवा बाजारभावाने भरपाई. नाबोथ नाही म्हणाला, कारण वाडवडिलांचे वतन ही विकण्याची वस्तूच नव्हे, ती परमेश्वराने सोपविलेली ठेव. मग राजाने काय केले? तो घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. जेवला नाही. त्याला राग आला, पण नाबोथाला नाही म्हणण्याचा हक्क आहे हे तो जाणून होता. इस्राएलात वाढलेल्या राजाला एवढे समजत होते. ते समजले नाही परक्या देशातून आलेल्या ईजबेलीला.

आमच्या शेतकरी बंधूंची तक्रार येथे लागू पडते. विजेची वाहिनी टाकताना जमीन संपादित केली जात नाही. ती शेतकऱ्याच्याच नावावर राहते. तार नेण्याचा अधिकार मात्र १८८५ च्या तार कायद्यातील तरतुदींच्या आधारे दिला जातो आणि त्यासाठी मालकाची संमती लागत नाही. तारांखाली पुढे घर बांधता येत नाही, उंच झाड लावता येत नाही. भरपाईबाबत केंद्र सरकारच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मनोऱ्याच्या पायाखालील जमिनीसाठी किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी फार तर १५ टक्के असे प्रमाण होते. २०२४ साली ते २०० आणि ३० टक्के करण्यात आले. हे चांगलेच झाले. मोल वाढले, विचारणे मात्र त्यात आले नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक केली, सरकार व खाजगी कंपनी यांच्या भागीदारीसाठी ७० टक्के; सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना ती अट नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक नाबोथाला विचारीत बसले तर तार जाणारच नाही, आणि मग इस्पितळातील यंत्र कशावर चालावयाचे? ही शंका खोटी नाही. चार एकरवाल्याच्या एका नकाराने चार जिल्हे अंधारात राहावेत असे आम्हीही म्हणत नाही. सरळ रेषेत तार नेण्यास इंजिनियरांची कारणे असतात; वळणाने खर्च वाढतो, वीज वाया जाते. परंतु विचारणे आणि परवानगीवर अडून राहणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मनोरा बांधाच्या कडेला घ्यावा की विहिरीच्या तोंडाशी, पीक काढून झाल्यावर काम सुरू करावे की ऐन कणसांत, ह्या गोष्टी त्या माणसाला विचारता येण्यासारख्या आहेत. गोव्यात मोले अभयारण्यातून जाणाऱ्या वाहिनीवरून २०२० साली लोकांनी मोठा आवाज उठविला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने नवी वाहिनी जुन्याच २२० किलोव्होल्टच्या वाहिनीच्या पट्ट्यातून न्यावी असे सुचविले आणि २०२२ साली न्यायालयाने ते मान्य केले. लोक बोलले म्हणून दुसरी वाट सापडली. जेथे बोलणारे शिकलेसवरलेले नव्हते, तेथे ती शोधली गेली नाही, इतकेच.

नाबोथाच्या गोष्टीतील एक जागा आम्हांला फार टोचते. ईजबेलीने पत्रे लिहिली, खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडमार झाला. अहाबाचा हात कोठेही लागला नाही. त्याला एवढेच कळविण्यात आले की नाबोथ मेला, मळा मोकळा झाला. तो उठला आणि ताबा घेण्यास गेला. मळा कसा मोकळा झाला हे त्याने विचारले नाही. एलिया त्याला भेटला तो तेथेच, त्या मळ्यात.

आपण बटण दाबतो तेव्हा आपणही विचारीत नाही. आणि आता तर विचारून सांगणार तरी कोण? पूर्वी अमुक शहराची वीज अमुक धरणाची असे सांगता येई. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला जोडले गेले. तेव्हापासून सारा देश एकाच जाळ्यात आहे. बेळगाव काय, हैदराबाद काय, ग्वाल्हेर काय, सगळे एकाच विहिरीचे पाणी पितात म्हणा ना. मध्य प्रदेशातील विंध्याचल औष्णिक केंद्र ४,७६० मेगावॅटचे. त्याची वीज मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, गोवा या सर्वांना वाटून दिलेली आहे. म्हणजे इंदूर, बडोदे आणि मडगाव येथील आमचे वाचक तिचे भागीदार झाले. त्या सिंगरौली भागात १९६२ च्या सुमारास रिहंद धरणाने उठविलेली कुटुंबे पुढे कोळशाच्या खाणींनी व वीज केंद्रांनी पुन्हा उठविली. सरदार सरोवराच्या विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७, गुजरातेचा १६. ह्या वाटणीत महाराष्ट्राने दिलेली ३३ गावे नंदुरबारकडील आदिवासींची, त्यांतले मणिबेली सर्वांत आधी पाण्यात गेलेल्यांपैकी. धारवाड-कारवारकडील वाचकांना काळी नदीवरील धरणाखाली गेलेले जुने सुपा ठाऊक असेल.

दावीदाला ते तिघे नावानिशी माहीत होते. पाणी कोणी आणले हे तो डोळ्यांनी पाहत होता. जाळ्यातील विजेवर मात्र कोणाचे नाव नसते. आपला धनको कोण हेच कळू नये अशी तिची रचना आहे. कोणी मुद्दाम तशी केली असे नाही, विजेचा स्वभावच तसा. परंतु धनको ठाऊक नाही म्हणून कर्ज नाही, असा न्याय आपण किराणा दुकानदारापुढे तरी मांडू काय?

त्या मुलाच्या प्रश्नाकडे आता येतो. आम्हांला वाटते, त्या तिघांना वाईट वाटले नसावे. राजाने पाणी पिऊन 'गोड आहे' म्हटले असते तर ते पाणीच राहिले असते. ओतण्यापूर्वी त्याने त्या पाण्याला लागलेले मोल सर्वांसमक्ष बोलून दाखविले. मात्र आपल्याला वीज ओतून टाकता येणार नाही, आणि टाकू नये. दिवे विझवून अंधारात बसल्याने कोयनेच्या एकाही माणसाला जमीन मिळणार नाही. शिवाय ते तिघे आपण होऊन गेले होते. पावसात खांबावर चढणारा वायरमन त्यांच्यात बसेल, बोगद्यात काम केलेले मजूरही बसतील. बुडालेल्या गावांचे लोक आपण होऊन कोठेच गेले नव्हते. त्यांच्या बाबतीत मोल बोलून दाखविणे हे निम्मेच काम झाले. कबूल केलेली जमीन, पाणी, दाखले त्यांना मिळाले की नाही, हे विचारणारे कोणीतरी हवे. आणि ते विचारण्याचा हक्क, आमच्या मते, वीज वापरणाऱ्याइतका कोणालाच नाही. आपण बिल भरतो. 'बिल भरले, विषय संपला' असे म्हणणाऱ्याने अहाबाने मोल देऊ केले होते हे विसरू नये.

हे सारे आम्ही बाईंना सांगितले. मुलांना हे जड जाईल असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. त्यांनी वेगळेच केले. पुढच्या महिन्यात, पाऊस उघडल्यावर, वर्गातील अकरा मुलांना घेऊन त्या शेतकरी बंधूंच्या रानात गेल्या. आम्हीही बरोबर होतो. मुलांनी मनोऱ्याखाली उभे राहून वर पाहिले. हवेत दमटपणा होता, तारा गुणगुणत होत्या. एकाने विचारले, ही वीज कोठे चालली आहे? त्यांनी हात करून दिशा दाखविली. कोठे ते त्यांनाही माहीत नव्हते. मग त्यांनी मुलांना ओल्या शेंगा भाजून दिल्या. तो पूर्वीचाच मुलगा शेंगा सोलता सोलता म्हणाला, "मामा, तुमच्या मोटरीला हीच लाईट येते का?"

"नाही रे," ते म्हणाले, "ही वरनं जाते. मोटरीची खांबावरनं येते. ह्या आठवड्यात रात्री दोनला येते, तेव्हा उठून पाणी पाजवायचं."