वेदनेची साक्ष

दुसऱ्याचे दुखणे कळते कसे, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न सांधेदुखीचा रुग्ण तपासताना दर वेळी पुढे येतो. मोडलेले हाड एक्स-रेत दिसते, ताप थर्मामीटरवर चढतो. सांधे, स्नायू आणि मणक्यांच्या बहुतेक विकारांत मात्र पहिली आणि कित्येकदा बराच काळ एकमेव खूण असते ती माणसाच्या सांगण्यात. सकाळी बोटे वळत नाहीत, पोळ्या लाटताना मनगट ठणकते, पहाटे कंबर जखडून जाग येते, अंगाला नुसता हात लागला तरी सोसवत नाही. हे सांगणे स्वतःच पुरावा आहे, की पुराव्याची वाट पाहणारी नुसती तक्रार? निदान किती लवकर होणार आणि उपचार कोणता मिळणार, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

भारतीय दर्शनांनी हा प्रश्न प्रमाणांच्या चर्चेत हाताळला. न्याय-वैशेषिकांच्या मते सुख-दुःख हे आत्म्याचे गुण आहेत आणि ते मनाच्या द्वारे ज्याचे त्यालाच प्रत्यक्ष होतात. इतरांना दिसते ते फक्त त्याचे लिंग: आक्रसलेला चेहरा, लंगडती चाल, जिना चढताना कठड्यावर टाकलेला भार. त्यावरून दुःखाचे अनुमान करायचे. पण खुणेवरून जे सिद्ध होते ते खूण नसल्यामुळे असिद्ध होत नाही. नैयायिकांचे त्यावरचे ठरलेले उदाहरण तापलेल्या लोखंडी गोळ्याचे आहे. तिथे अग्नी असतो, धूर नसतो. दहा वर्षे सांधे दुखणारा माणूस शांत चेहऱ्याने समोर बसतो, तेव्हा धूर नाही म्हणून अग्नी नाकारणे ही तर्कातलीच चूक ठरते.

अनुमान जिथे अपुरे पडते तिथे शब्दप्रमाण येते. वैशेषिक आणि बौद्ध तार्किक शब्दाला वेगळे प्रमाण मानत नाहीत. बोलणाऱ्याच्या विश्वासार्हतेवरून केलेले ते अनुमानच, असे त्यांचे म्हणणे. नैयायिक शब्दाचे स्वातंत्र्य राखतात. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्त कोण याचे उत्तर आहे: ज्याला त्या वस्तूचा साक्षात्कार झाला आहे आणि जे जाणले ते सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. आप्तत्वाला जात, विद्या किंवा पद लागत नाही. मग स्वतःच्या गुडघ्याविषयी बोलणारी शेतमजूर बाई ही त्या एका बाबतीत पूर्ण अर्थाने आप्त आहे. तिच्या वेदनेचा साक्षात्कार दुसऱ्या कोणाला होणे शक्यच नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगज्ञानाची साधने सांगताना वैद्याने जिभेखेरीज बाकी इंद्रियांनी रुग्णाला तपासावे, चवीसारख्या गोष्टी अनुमानाने जाणाव्यात, असा क्रम येतो. त्या साधनांतला आप्तोपदेश म्हणजे शास्त्रकारांचे वचन, रुग्णाचे नव्हे. पण त्याच अध्यायात रुग्णाची स्वप्ने, त्याच्या आवडीनिवडी आणि त्याचे सुखदुःख या गोष्टी केवळ त्याला विचारूनच जाणाव्यात, असे बजावले आहे. यातला ‘केवळ’ महत्त्वाचा. शारीरस्थानात वेदनेचे अधिष्ठान सांगताना मन आणि इंद्रियांसह देह ही दोन्ही एकत्र घेतली आहेत. वगळले आहेत ते केस, नखांची टोके, मल यांसारखे भाग. वेदना शरीरात की मनात, असा निवाडा चरकाला करावासा वाटला नाही.

पाश्चात्त्य विचारात १९५३ मध्ये, मृत्यूनंतर, प्रकाशित झालेल्या विट्गेन्श्टाइनच्या ग्रंथाने या प्रश्नाची मांडणीच बदलली. वेदना ही आत दडलेली वस्तू आणि ‘दुखतंय’ हे तिच्यावर चिकटवलेले नाव, हे चित्र त्याने नाकारले. मूल पडल्यावर रडते. पुढे मोठी माणसे त्याला रडण्याच्या जागी शब्द वापरायला शिकवतात. त्यामुळे ‘दुखतंय’ हे वाक्य तपासून खरे-खोटे ठरवायच्या अहवालापेक्षा त्या रडण्याच्या जवळचे आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल याने त्यापुढे जाऊन म्हटले की दुसऱ्याच्या वेदनेच्या बाबतीत कमी पडते ते ज्ञान नव्हे, स्वीकार. ऐकणाऱ्याला सगळे कळलेले असते, तरीही तो प्रतिसाद नाकारू शकतो, आणि ते नाकारणेही एक कृत्यच असते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारताना सोबतच्या टिपांमध्ये नोंदवले की व्यक्तीने एखादा अनुभव वेदना म्हणून सांगितला तर त्याचा मान राखला जावा.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, ज्याला मराठीत सहसा आमवात म्हणतात, हा प्रश्न वेळेच्या हिशेबात येतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उलटते. हातापायांचे लहान सांधे, बहुधा दोन्ही बाजूंचे, सुजतात आणि सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. पहिल्या काही महिन्यांत एक्स-रे स्वच्छ असू शकतो. साध्या एक्स-रेत हाड कुरतडलेले दिसू लागले म्हणजे जे वाचवायचे होते त्यातले काही गेलेले असते. रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर रुग्णांच्या एका मोठ्या गटात सापडत नाही, उलट काही निरोगी वृद्धांत आणि क्षयासारख्या आजारांतही सापडतो. म्हणजे ‘रिपोर्ट नॉर्मल’ हे वाक्य इथे काहीच संपवत नाही. डॉक्टरने बोटे सांध्यावर ठेवल्यावर लागणारी मऊ, गरम सूज हे खरे प्रत्यक्ष. पण हात कुठे ठेवायचा हे रुग्णच सांगतो. निदान वेळेत झाले तर मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच, सोबत फॉलिक ॲसिड आणि ठराविक काळाने रक्ततपासणी, या क्रमाने रोग आटोक्यात येऊ शकतो. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. हेच औषध चुकून रोज घेतले गेले तर जिवावर बेतते, म्हणून घेण्याचा वार चिठ्ठीवर लिहून देणे हा उपचाराचाच भाग आहे.

अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये शंका आणखी लांबते, कारण तो धडधाकट दिसणाऱ्या तरुणांना होतो. कंबरदुखी हळूहळू, बहुधा चाळिशीच्या आत सुरू होते. पडून राहिल्याने वाढते, हालचालीने कमी होते आणि उत्तररात्री झोपेतून उठवते. नेहमीच्या कंबरदुखीला विश्रांतीने आराम पडतो, त्यामुळे विश्रांतीने दुखणे वाढते हे सांगणे घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही विपरीत वाटते. पण ते विपरीत वाटणेच निदानाची किल्ली आहे. त्रिकास्थीच्या सांध्यांचा एमआरआय, एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी, नियमित व्यायाम, दाहशामक गोळ्या आणि गरज पडल्यास जैविक औषधे हे सगळे त्यानंतरचे. ती रक्तचाचणी पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते.

यंत्राची साक्ष दुसऱ्या बाजूनेही फसवते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कंबरदुखी नसलेल्या माणसांचे मणके पाहिले गेले. विशीतल्या ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत चकतीची झीज आढळली. ‘मणक्यात गॅप’ किंवा ‘गुडघ्यातले वंगण संपले’ हे ऐकून घाबरलेल्या माणसाला हे आकडे कळायला हवेत, कारण झीज आणि दुखणे एकमेकांबरोबर चालतीलच असे नाही. गाउटमध्ये तर ऐन झटक्यात, पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद असताना, रक्तातले युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकते आणि नुसते युरिक ॲसिड वाढलेल्या अनेकांना गाउट नसतो. सांध्यातल्या पाण्यात सुईसारखे स्फटिक दिसणे हा तिथला पक्का पुरावा.

प्रश्न सर्वांत टोकदार होतो तो फायब्रोमायल्जियात. अंगभर दुखणे, झोपूनही न जाणारा थकवा, लक्ष न लागणे हे सगळे असते. सूज नाही, रक्तात दोष नाही, चित्रात काही नाही. रुग्णांत स्त्रिया अधिक दिसतात आणि त्यांच्या वाट्याला ‘कामाचा कंटाळा’ हे निदान आधी येते. १९९० मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने निकष ठरवले तेव्हा शरीरावरचे १८ बिंदू निश्चित केले. सुमारे चार किलोच्या दाबाने त्यांतले किमान ११ दुखले पाहिजेत, अशी अट होती. तपासणाऱ्याच्या अंगठ्याखाली काहीतरी सिद्ध व्हावे, ही त्यामागची ओढ होती. २०१० च्या निकषांत ते बिंदू गेले. शरीराच्या १९ भागांपैकी कुठे कुठे दुखते, थकवा किती, झोप कशी, स्मरण कसे, हे रुग्णाला विचारून गुण द्यायचे. त्रास किमान तीन महिन्यांचा असावा आणि त्याचा उलगडा करणारा दुसरा विकार नसावा. वैद्यकाने इथे प्रत्यक्षाचा हट्ट सोडून शब्द स्वीकारला.

असा स्वीकार कच्चा आहे, असे मानणाऱ्यांना मेंदूची चित्रे दिलासा देतात. २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासात फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या अंगठ्यावर सौम्य दाब दिला, तेव्हा त्यांच्या मेंदूतले जे भाग जागे झाले, ते निरोगी माणसांत बऱ्याच जास्त दाबाने जागे झाले. मज्जासंस्थाच वेदनेचा आवाज वाढवते आहे, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले. परंतु त्या चित्रातला कोणता भाग वेदनेचा हे कळले कशावरून? दाबताना ‘आता किती दुखते’ असे विचारून मिळालेल्या उत्तरांवरूनच. चित्राला अर्थ दिला तो शब्दाने. चित्र आले म्हणून त्या रुग्णांची वेदना खरी ठरली, असे म्हणणे म्हणजे क्रम उलटा करणे होय.

उपचारातही या स्वीकाराचे वजन आहे. या आजारात सर्वांत भक्कम आधार व्यायामाला आहे: थोड्या चालण्यापासून सुरू करून फार सावकाश वाढवत नेलेला. अमिट्रिप्टिलीन अल्प मात्रेत, ड्युलोक्सेटीन किंवा प्रीगाबालिन काहींना उपयोगी पडते. स्टेरॉइड आणि अफूवर्गीय वेदनाशामके देऊ नयेत. मात्र जिचे दुखणेच कोणी मानले नाही, तिला ‘चाला’ हा सल्ला शिक्षेसारखा ऐकू येतो. आधी मानले गेलेल्या रुग्णाला तोच सल्ला उपचार वाटतो.

यावरून रुग्ण म्हणेल ते सगळे खरे, असे ठरत नाही. वात्स्यायनाच्या व्याख्येत साक्षात्कार ज्याचा झाला तेवढ्यापुरतेच आप्तत्व असते. दुखते की नाही, किती आणि कसे, यावर रुग्णाचा शब्द शेवटचा. कशामुळे दुखते, यावर मात्र नाही. खुब्याचा सांधा झिजला तर गुडघा दुखू शकतो. रुग्ण गुडघ्यावर बोट ठेवतो आणि त्याचे दुखणे तिथेच असते, पण रोग वर असतो. कंबरदुखीबरोबर ताप, वजनातली घट, पायातला अशक्तपणा किंवा लघवी अडकणे आले, तर मणक्याचा क्षय, गाठ किंवा मज्जारज्जूवरचा दाब शोधावाच लागतो, रुग्णाने ‘ओझे उचलल्याने झाले’ असे कितीही खात्रीने सांगितले तरी. या दोन अधिकारांची गल्लत झाली की अपाय होतो. आमवाताची तीव्रता मोजणाऱ्या डीएएस२८ या गुणांकात दुखरे सांधे, सुजलेले सांधे, रक्तातला दाह आणि रुग्णाने स्वतः दिलेले गुण एकत्र येतात, आणि दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्यांपेक्षा जास्त वजन आहे. आमवाताच्या रुग्णाला जोडीला फायब्रोमायल्जिया असेल तर दाह शमलेला असूनही हा आकडा चढा राहतो. तो आकडा पाहून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवली तर वेदना तशीच राहते आणि जंतुसंसर्गाचा धोका तेवढा वाढतो. इथे रुग्णाचा शब्द मानला गेला, पण तो ज्याची साक्ष देत नव्हता त्याची साक्ष म्हणून.

शब्दाला प्रमाण मानून शास्त्र उभे राहू शकते, याचा दाखला पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला मिळतो. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमातले भारतातले पथदर्शी काम तिथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. सुरुवात प्रयोगशाळेतून झाली नाही. घरोघर जाऊन माणसांना काय दुखते हे विचारले गेले आणि ज्यांनी दुखते म्हटले त्यांना मग डॉक्टरांनी तपासले. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांनी सांधे-स्नायूंचे दुखणे सांगितले. आमवात दर दोनशेत एकाच्या आसपास निघाला. मोठा हिस्सा झिजेचा, मऊ ऊतींच्या दुखण्याचा आणि कोणत्याही नावात न बसणाऱ्या वेदनांचा होता. या शेवटच्या गटातली माणसे दवाखान्यांच्या नोंदींवरून मोजली असती तर दिसलीच नसती.

ज्यांच्याकडे शब्दच नाहीत त्यांच्यासाठी पुन्हा लिंगाकडे वळावे लागते. बालसंधिवात झालेले दोन वर्षांचे मूल ‘दुखतंय’ म्हणत नाही. ते सकाळी लंगडते, चालू लागलेले असून पुन्हा कडेवर घ्यायला लावते, एका हाताने खेळणे सोडून देते. दुपारपर्यंत पाय मोकळे होतात आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचे दुखणे कपडे बदलताना हात झटकण्यात किंवा अचानक जेवण सोडण्यात दिसते. बालसंधिवातात तर डोळ्याच्या आत असा दाह होऊ शकतो की ज्यात बहुधा डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि मूल काही सांगत नाही. उपचार न झाल्यास दृष्टी जाऊ शकते. म्हणून अशा मुलांचे डोळे, तक्रार असो वा नसो, नेत्रतज्ज्ञाकडून स्लिट लॅम्पवर ठराविक महिन्यांनी तपासून घ्यावे लागतात.