प्रमाणाआधीचा प्रश्न

विज्ञान पुराव्यावर चालते. मग जे घडलेलेच नाही, कदाचित कधी घडणारही नाही, त्याविषयी ‘समजा असे झाले तर’ म्हणत डोके का शिणवायचे? हा आक्षेप जुना आहे आणि हलका नाही. वोल्फगांग पाउली यांनी १९५४ साली माक्स बॉर्न यांना लिहिलेल्या पत्रात तो धारदारपणे मांडला. ज्याविषयी काही जाणताच येत नाही ते तरीही अस्तित्वात आहे का, यावर खल करणे म्हणजे सुईच्या टोकावर किती देवदूत बसू शकतील याचा हिशेब मांडणे, असा त्यांचा अभिप्राय होता आणि त्याचा रोख आइन्स्टाइन यांच्या प्रश्नांवर होता. पण त्या प्रश्नांचा पुढचा इतिहास पाहिला, तर जर-तरच्या विचाराचे मोल नेमके कशात आहे ते कळते.

आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ साली एक कल्पना मांडली होती. समजा, परस्परांशी संबंध आलेले दोन कण दूर गेले. त्यांतल्या एकाचे मोजमाप केले की दुसऱ्याला स्पर्शही न करता त्याच्याविषयी निश्चित भाकीत करता येते. मग तो गुणधर्म दुसऱ्या कणात आधीपासूनच असला पाहिजे, आणि क्वांटम सिद्धान्त त्याची दखल घेत नसेल, तर तो सिद्धान्त अपुरा आहे. हा सारा युक्तिवाद कागदावरचा होता. १९६४ साली जॉन बेल यांनी त्यातून एक गणिती मर्यादा काढली. गुणधर्म आधीच ठरलेले असतील आणि इथल्या मोजमापाचा तिथल्या कणावर परिणाम होत नसेल, तर दोन्हीकडच्या निकालांचा मेळ त्या मर्यादेतच राहील. क्वांटम सिद्धान्ताचे भाकीत मात्र ती ओलांडते. १९७२ मध्ये फ्रीडमन व क्लाउझर यांनी आणि १९८२ मध्ये आस्पे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत मर्यादा ओलांडली गेली. या मार्गावरील कामासाठी क्लाउझर, आस्पे आणि झाइलिंगर यांना २०२२ चे नोबेल मिळाले. तोवर आइन्स्टाइन आणि पाउली दोघांनाही जाऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला होता.

यावर कोणी म्हणेल की निकाल तर आइन्स्टाइन यांच्या अपेक्षेविरुद्ध लागला. म्हणजे कल्पनेने त्यांना चकवलेच. खरे आहे, आणि म्हणूनच कल्पनेला पुराव्याच्या जागी बसवता येत नाही. आपल्याकडच्या नैयायिकांनी हा भेद फार पूर्वी ओळखला होता. ‘डोंगरावर अग्नी नसता, तर धूरही नसता’ अशा विचाराला त्यांनी तर्क म्हटले आणि सोळा पदार्थांत त्याला स्थान दिले. पण प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चार प्रमाणांत त्याची गणना केली नाही. तर्क स्वतः ज्ञान देत नाही. तो विरुद्ध पक्ष क्षणभर खरा धरतो, त्यातून अनिष्ट काय निघते ते दाखवतो आणि प्रमाणाची वाट मोकळी करतो. आइन्स्टाइन यांच्या प्रश्नाने हेच केले. त्यांचे उत्तर टिकले नाही, पण ते चूक आहे हे समजण्याची सोय त्यांच्याच प्रश्नाने करून ठेवली होती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. एक प्रश्न फळाला आला म्हणून सगळेच कसे सार्थ ठरतील? ते तसे ठरत नाहीतच. पण सार्थ प्रश्नाची खूण ओळखायला प्रयोगाची वाट पाहावी लागत नाही. देवदूत दहा बसोत की दहा हजार, त्यामुळे आपली दुसरी कोणतीही समजूत बदलत नाही. उलट १९३५ च्या प्रश्नाचे उत्तर काहीही आले, तरी मनात घट्ट बसलेली एक समजूत सोडावी लागणार होती, आणि हे त्याच वर्षी दिसत होते. गॅलिलिओच्या १६३८ च्या ग्रंथातही हीच खूण आढळते. जड दगड वेगाने पडत असेल, तर त्याला हलका दगड बांधल्यावर काय होईल? हलका दगड ओढून धरील म्हणून जोडी सावकाश पडायला हवी, आणि एकूण वजन वाढले म्हणून अधिक वेगानेही. दोन्ही एकदम शक्य नाही. तेव्हा मूळ समजूतच तपासणे भाग पडते. आपल्याच मताला अशी किंमत मोजायला लावणारा प्रश्न आज तपासता येत नसला, तरी विचारलाच पाहिजे. तो न विचारणारे विज्ञान मोजमापे करत राहील, पण काय मोजायचे हे त्याला कळणार नाही.